सर्फरच्या नजरेतून मॉन्टेरे उपसागर : लाटांच्या जागा आणि त्यांचे स्थानिक ज्ञान

प्रस्तावना

भूगोलाच्या अभ्यासक्रमात समुद्रकिनारा साधारणतः दोन अंगांनी येतो. भूरूपशास्त्रात समुद्रकडे, तरंगघर्षित मंच, पुळणी, वाळूचे दांडे ही भूरूपे शिकविली जातात. आर्थिक भूगोलात बंदरे, मासेमारी आणि पर्यटन यांचा विचार होतो. दोन्हीकडे लाट ही केवळ कारक म्हणून येते. ती झीज करते, वाळू वाहून नेते, संचयन करते आणि लेखातून नाहीशी होते. लाटेलाच 'जागा' मानणारा, तिला नाव देणारा आणि तिच्या सवयी पिढ्यानपिढ्या ध्यानात ठेवणारा एक वर्ग मात्र जगातील अनेक किनाऱ्यांवर आहे. तो वर्ग सर्फरांचा होय. फळीवर उभे राहून फुटणाऱ्या लाटेच्या उतारावरून घसरत जाण्याची ही कला मूळची पॉलिनेशियातील, विशेषतः हवाई बेटांवरील. आज तिच्याकडे एक खेळ म्हणून पाहिले जाते, आणि त्यामुळेच तिच्यामागे असलेल्या सूक्ष्म निरीक्षणाकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष होते असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

प्रस्तुत लेखात कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे उपसागराच्या काठावरील अशा जागांचा परिचय करून देण्याचा व तेथील स्थानिक सर्फर त्यांच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतो हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. हा उपसागर निवडण्याचे एक कारण असे की, खडकाळ भूशिर, नदीमुख, उघडी पुळण आणि सागरी घळई असे चार भिन्न प्रकारचे किनारे येथे पन्नासएक किलोमीटरच्या आत भेटतात. दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. या किनाऱ्याचे कडे ढासळत आहेत, त्यांना भिंत घालावी की नाही याचा निर्णय आज होत आहे, आणि त्या निर्णयात सर्फरच्या ज्ञानाला कोणते स्थान असावे हा प्रश्न उभा आहे.

लाट फुटण्याच्या जागेला सर्फरांच्या भाषेत 'ब्रेक' म्हणतात. लेखात पुढे हाच शब्द वापरला आहे.

दूरच्या वादळाची लाट

किनाऱ्यावर उभ्या असलेल्या सामान्य प्रेक्षकाला लाट जेथे दिसते तेथेच ती निर्माण झाली असे वाटते. वस्तुतः सर्फिंगयोग्य लाट ही बहुधा परकी असते. हिवाळ्यात ती अल्यूशियन बेटांकडील व उत्तर पॅसिफिकमधील वादळांतून येते, तर उन्हाळ्यात, म्हणजे दक्षिण गोलार्धातील हिवाळ्यात, न्यूझीलंडच्या आसपासच्या वादळांतून सुमारे दहा हजार किलोमीटरचा प्रवास करून येते. वादळ मागे टाकून आलेल्या अशा लांब, नियमित लाटांना 'स्वेल' म्हणतात. दक्षिण गोलार्धातील वादळांच्या लाटा अलास्कापर्यंत पोहोचतात हे वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत निरीक्षणकेंद्रे उभारून दाखवून दिले.

येथे थोडे गणित आवश्यक आहे. खोल पाण्यातील लाटेची तरंगलांबी तिच्या आवर्तकालावर ठरते. सेकंदांतील आवर्तकालाच्या वर्गाला सुमारे १.५६ ने गुणले की मीटरमधील तरंगलांबी मिळते. त्यानुसार ८ सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे १०० मीटर, तर १६ सेकंदांच्या लाटेची सुमारे ४०० मीटर भरते. आवर्तकाल दुप्पट, तर लांबी चौपट. लाटेला समुद्रतळाचा स्पर्श होऊ लागतो तो तरंगलांबीच्या साधारण निम्म्या खोलीवर. म्हणजे पहिली लाट ५० मीटर खोलीपर्यंत तळाबाबत अनभिज्ञ असते, तर दुसरीला २०० मीटरवरच तळ जाणवू लागतो. समुद्रबूड जमिनीच्या काठावर येताच ती मंदावू आणि वळू लागते. म्हणूनच किनाऱ्यावरचा जाणता सर्फर लाट किती उंच आहे हे विचारण्यापूर्वी ती किती सेकंदांची आहे हे विचारतो. दोन मीटर उंचीची ८ सेकंदांची लाट आणि तेवढ्याच उंचीची १६ सेकंदांची लाट या त्याच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली भूशिराला वळसा न घालता निघून जाते. दुसरी वळून आत येते आणि फुटताना आपल्या मूळ उंचीपेक्षा बरीच मोठी होते.

प्रवासाच्या वेगाचेही असेच आहे. १६ सेकंदांच्या लाटांचा समूह ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगाने पुढे सरकतो, तर २० सेकंदांचा ताशी सुमारे ५६ किलोमीटर वेगाने. दहा हजार किलोमीटरच्या प्रवासात या फरकामुळे जवळजवळ दोन दिवसांचे अंतर पडते. लांब आवर्तकालाच्या लाटा आधी पोहोचतात. त्या संख्येने थोड्या, एकमेकींपासून दूर आणि दिसायला क्षुल्लक असतात. त्या दिवशी बाहेरगावचा माणूस समुद्र शांत आहे असे म्हणून परत जातो. स्थानिक मात्र थांबतो, कारण या लाटा पुढे येणाऱ्या मोठ्या समूहाची वर्दी देत आहेत हे त्याला ठाऊक असते. मॉन्टेरेच्या पश्चिमेस खुल्या समुद्रात अमेरिकी हवामानयंत्रणेचा ४६०४२ क्रमांकाचा तरंगता बोया आहे. उंची, आवर्तकाल आणि दिशा हे तिन्ही आकडे तो पाठवितो, आणि पहाटे उठून हे आकडे पाहणे हा आज या किनाऱ्यावरील सर्फरांचा नित्यक्रम झाला आहे. परंतु बोया सांगतो ते खुल्या समुद्राचे. त्या आकड्यांचा अमुक एका कड्याखाली काय अर्थ होईल हे बोया सांगू शकत नाही. स्थानिक ज्ञानाचा प्रारंभ येथून होतो.

उपसागराची ठेवण

उत्तरेस सांताक्रूझ भूशिर आणि दक्षिणेस पिनोस भूशिर यांच्यामध्ये सुमारे ३७ किलोमीटर रुंदीचे मुख असलेला हा उपसागर पश्चिमेकडे उघडतो. (सांताक्रूझ म्हणजे 'पवित्र क्रूस', मुंबईच्या उपनगराला ते नाव पोर्तुगीजांकडून मिळाले, या गावाला स्पॅनिशांकडून.) उत्तर काठ दक्षिणाभिमुख आहे आणि या एकाच गोष्टीत त्याचे महत्त्व साठवलेले आहे. हिवाळी स्वेल वायव्येकडून येतो. तो थेट या काठावर आदळत नाही, तर भूशिराला वळसा घालून, अपवर्तनाने वाकून आत शिरतो. वळताना त्याची उंची घटते, पण तो सुघड होतो. किनाऱ्याशी कोन करून आलेली ही लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे क्रमाक्रमाने फुटत जाते. सर्फरला हवे असते ते नेमके हेच. संपूर्ण लाट एकाच वेळी कोसळली तर तिच्यावर स्वार होणे अशक्य असते.

वाऱ्याचा लाभही याच काठाला मिळतो. या किनाऱ्यावर वायव्येचा वारा प्रबळ आहे, आणि वसंतात दुपारनंतर तो जोराने वाहतो. उत्तर काठावर तो जमिनीवरून समुद्राकडे किंवा आडवा येतो, त्यामुळे लाटेचा पृष्ठभाग फारसा विस्कटत नाही. शिवाय काठालगत केल्प या महाकाय समुद्रशैवालाची दाट वने आहेत. त्यांची पाण्यावर तरंगणारी पाने वाऱ्याने उठणाऱ्या लहान लहरी शमवितात आणि मोठ्या स्वेलला मात्र जवळजवळ न अडविता जाऊ देतात. या ठिकाणी केल्प म्हणजे निसर्गाने घातलेली चाळणी आहे असे म्हटले तर वावगे होणार नाही. हिवाळी वादळे केल्प उपटून नेतात. त्यामुळे ज्या ऋतूत लाट मोठी, त्याच ऋतूत चाळणी विरळ असा प्रकार घडतो.

उत्तर काठ : स्टीमर लेन ते कॅपिटोला

सांताक्रूझच्या दीपगृहाखालील 'स्टीमर लेन' हा या उपसागरातील सर्वांत प्रसिद्ध ब्रेक. पूर्वी येथून जाणाऱ्या वाफेच्या बोटींच्या वाटेवरून त्याला हे नाव मिळाले. बाहेरच्याला तो एक ब्रेक वाटतो. स्थानिकाच्या लेखी ते किमान चार आहेत. कड्याच्या अगदी पायथ्याशी फुटणारा 'पॉइंट', त्यालगतचा 'स्लॉट', त्यापलीकडे खोल पाण्यातील खडकावर मोठ्या स्वेललाच जागा होणारा 'मिडल पीक', आणि आत काउल्स पुळणीच्या दिशेने धावणारा 'इंडिकेटर्स'. तळाच्या खडकाचा प्रत्येक उंचवटा ठरावीक उंचीच्या लाटेलाच फोडतो. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या सुमारे पाऊणपट झाली की ती फुटते, हा सर्वसाधारण नियम. त्यामुळे लाट जसजशी मोठी होते तसतशी फुटण्याची जागा बाहेर सरकते. म्हणजे ब्रेकची नावे एका अर्थी खोलीची नावे आहेत. नौकानयनाच्या नकाशावर जे आकडे छापलेले असतात त्यांचे काम येथे नावे करतात, आणि नकाशापेक्षा बारकाईने करतात.

येथील लाट उजवीकडे फुटत जाते, म्हणजे किनाऱ्याकडे तोंड करून असलेला सर्फर आपल्या उजवीकडे जातो. कड्यावरून पाहणाऱ्याला अर्थातच तो डावीकडे जाताना दिसतो. हा कडा लाटेच्या इतका जवळ आहे की प्रेक्षकाला सर्फरची हालचाल स्पष्ट दिसते. या नैसर्गिक प्रेक्षागारामुळे येथील ज्ञान केवळ पाण्यात उतरणाऱ्यांपुरते मर्यादित राहिलेले नाही. मात्र भरती पूर्ण चढली की लाटा कड्यावर आपटून उलट फिरतात आणि येणाऱ्या लाटेचा आकार मोडतात. येथील समुद्रात दिवसाला दोन भरत्या व दोन ओहोट्या असतात, पण त्या समान नसतात. 'आज ओहोटी कोणती, मोठी की धाकटी?' हा प्रश्न म्हणूनच येथे महत्त्वाचा ठरतो.

स्टीमर लेनची लाट पुढे काउल्स पुळणीसमोर थकून, मंद आणि लांबलचक होऊन पोहोचते. नवशिके येथेच शिकतात. एकच स्वेल अर्ध्या किलोमीटरच्या आत कसबी सर्फरला झेपेल न झेपेल असा आणि बालकालाही झेपेल असा होतो, हे अपवर्तनाचे वर्गात सांगण्याजोगे उदाहरण आहे. काउल्सचा उणेपणा एवढाच की भरतीच्या वेळी तेथील लाट जवळजवळ नाहीशी होते.

पूर्वेस सॅन लोरेन्झो नदीचे मुख आहे. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील सर्फिंगची पहिली ज्ञात नोंद येथील आहे. १८८५ च्या जुलै महिन्यात सॅन मटेओ येथील सैनिकी शाळेत शिकणाऱ्या तीन हवाईयन राजपुत्रांनी, डेव्हिड कवानानाकोआ, एडवर्ड केलीइआहोनुई आणि जोना कुहिओ कलानिआनाओले यांनी, या नदीमुखावर रेडवूडच्या फळ्यांवर लाटा घेतल्या आणि स्थानिक वृत्तपत्राने ते नोंदविले. त्यांनी नदीमुख का निवडले असावे याचा अंदाज आजचा सर्फर सहज करू शकतो. पुराबरोबर आलेल्या वाळूचा दांडा मुखासमोर साचतो आणि त्यावर सुरेख लाट फुटते. परंतु हा दांडा दर हिवाळ्यात नव्याने घडतो, कधी घडतच नाही. खडकाचा ब्रेक कायमचा, वाळूचा ब्रेक त्या वर्षापुरता.

राजपुत्रांचे धैर्य विशेष म्हणावे लागेल, कारण येथील पाणी साधारणतः १० ते १५ अंश सेल्सिअस असते. उत्तम स्वेल हिवाळ्यात आणि हिवाळ्यात पाण्यात टिकणे कठीण, अशी ही अडचण होती. तिच्यावर मात झाली ती रबरी फेसाच्या पोशाखामुळे. बर्कले येथील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५२ च्या सुमारास असा पोशाख पाणबुड्यांसाठी तयार केला, तर जॅक ओ'नील यांनी तो सर्फरांपर्यंत पोहोचविला. त्यांनी १९५९ मध्ये सांताक्रूझ येथे आपले दुकान थाटले. शोध नेमका कोणाचा याविषयी वाद आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने परिणाम महत्त्वाचा आहे. वर्षातील चार महिन्यांची ओळख बारा महिन्यांची झाली, आणि या किनाऱ्याचे ज्ञान खऱ्या अर्थाने त्यानंतर साचत गेले. १९७१ च्या सुमारास फळी पायाला बांधण्याची दोरी आली. त्यापूर्वी फळी निसटली की ती थेट खडकावर आदळे व फुटे; त्यामुळे कड्याखाली जाण्याची योग्यता नसलेला माणूस आपोआप दूर राहत असे. दोरीने ही चाळणी काढून घेतली, आणि गर्दी वाढली.

आणखी पूर्वेस 'प्लेझर पॉइंट' आहे. येथील ब्रेकची नावे मोठी उद्बोधक आहेत. 'सूअर पीक' हे नाव पूर्वी तेथे समुद्रात सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याची आठवण जपते. पुढील काही ब्रेक ३८ वा किंवा ४१ वा रस्ता अशा समोरच्या रस्त्यांच्या क्रमांकांनी ओळखले जातात. येथे पुरीसिमा नावाच्या तुलनेने मऊ गाळखडकाचा मंच पाण्याखाली पायऱ्यापायऱ्यांनी पसरला आहे. वायव्येचा स्वेल येथवर येईतो बराच क्षीण होतो, परंतु उन्हाळ्यातील दक्षिणेचा स्वेल थेट येतो. त्यामुळे स्टीमर लेनचा ऋतू मुख्यतः हिवाळा, तर प्लेझर पॉइंटचा बारमाही. गावातील पश्चिम आणि पूर्व भागांतील सर्फरांची जुनी चुरस या ऋतुभेदावर पोसली गेली आहे.

घळई आणि उघडी पुळण

कॅपिटोलानंतर किनारा दक्षिणेकडे वळतो, कडे मागे राहतात आणि मॅनरेसापासून मरीनापर्यंत उघडी, पश्चिमाभिमुख पुळण सुरू होते. उपसागराच्या साधारण मध्यावर मॉस लँडिंग हे लहान बंदर आहे, आणि त्याच्या तोंडापासूनच मॉन्टेरे सागरी घळई सुरू होते. खोली व भव्यता यांबाबत तिची तुलना ग्रँड कॅन्यनशी केली जाते. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर एवढी खोली असणे ही दुर्मीळ गोष्ट आहे.

तिचा लाटेवरील परिणाम प्रथमदर्शनी उलटा वाटतो. खोल पाण्यातून लाट विनाअडथळा येते, तेव्हा ती घळईच्या मुखाशी सर्वांत मोठी असावी अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात तेथे ती लहान असते. घळईवरील लाटेचा भाग खोल पाण्यामुळे वेगाने पुढे जातो, दोन्ही बाजूंचे भाग उथळ पाण्यात मागे रेंगाळतात, आणि त्यामुळे लाटेची रेघ मध्यभागी पुढे फुगून तिची ऊर्जा दोन्ही कडांकडे पांगते. मुखाशी शांतता आणि काही शे मीटर उत्तरेस वा दक्षिणेस प्रचंड, जाड लाट असे दृश्य यातून उभे राहते. मच्छीमारांनी बंदर नेमके येथे का केले आणि सर्फर नेमके त्याच्या बाजूला का जातात, या दोन प्रश्नांचे उत्तर एकच आहे.

मात्र मॉस लँडिंगची लाट समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला पूर्णपणे उघडी आहे. हिवाळ्यात सॅलिनास खोऱ्यातून पहाटे समुद्राकडे वाहणारा वारा जोवर आहे तोवरच ती घेता येते. येथे दिवस नव्हे, तास मोजावे लागतात. शिवाय येथील पाणी एकाकी आहे. उपसागराच्या ईशान्य भागात तरुण पांढऱ्या शार्क माशांचा वावर २०१४ नंतरच्या उष्ण पाण्याच्या काळापासून वाढल्याचे संशोधकांनी नोंदविले आहे, आणि २०२० च्या मे महिन्यात मॅनरेसा किनाऱ्याजवळ एका सर्फरचा शार्कच्या हल्ल्यात मृत्यू झाला.

दक्षिण टोकावरील पॅसिफिक ग्रोव्ह येथील 'लव्हर्स पॉइंट' हा ब्रेक वर्षातील बहुतेक दिवस झोपलेला असतो. पिनोस भूशिराच्या आडोशाला असल्याने अत्यंत मोठा स्वेलच तेथवर वळून पोहोचतो. उत्तर काठ जेव्हा हाताबाहेर जातो, तेव्हा येथे लाट सुरू होते.

स्थानिक कोण?

येथवर 'स्थानिक' हा शब्द मुक्तपणे वापरला. त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. डोंगरापलीकडे सांता क्लारा खोरे, म्हणजेच सिलिकॉन व्हॅली आहे. तेथील लोक १७ क्रमांकाच्या महामार्गाने तासाभरात किनाऱ्यावर येतात. त्या खोऱ्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही सांताक्रूझची पुळण सहलीची जागा म्हणून परिचित आहे. खोऱ्यातून येणाऱ्या सर्फरांना स्थानिकांनी 'व्हॅल' असे हिणविल्याचा, त्यांना पाण्यातून हुसकावल्याचा इतिहास आहे. लाट ही मर्यादित वस्तू आहे. एका लाटेवर एकच सर्फर असावा हा संकेत आहे, आणि समूहातील चारपाच चांगल्या लाटांसाठी पन्नास जण थांबलेले असतात. लाट फुटण्याच्या बिंदूच्या सर्वांत जवळ असलेल्याचा पहिला हक्क, हा नियम सर्वत्र सांगितला जातो. तो बिंदू कोठे आहे हे ज्याला आधी कळते तो अर्थातच स्थानिक. ज्ञानाचे रूपांतर हक्कात होते ते असे.

या वृत्तीचे समर्थन करता येत नाही. समुद्र कोणाच्या मालकीचा नाही, आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यानेही किनारा सर्वांना खुला आहे. तरीही अनुभवाशिवाय कड्याखाली उतरणे धोक्याचे आहे हे खरे. स्टीमर लेनचे दीपगृहच मुळी १९६५ मध्ये या पाण्यात बुडालेल्या मार्क अॅबट या तरुणाच्या स्मरणार्थ त्याच्या आईवडिलांनी उभारलेले आहे. १९८६ पासून त्यात सर्फिंगचे संग्रहालय आहे.

बांध, भिंत आणि लाट

सर्फरचे ज्ञान गांभीर्याने का घ्यावे याचा पुरावा सांताक्रूझच्या बंदरात आहे. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी वुड्स लगून या खाजणात लहान नौकांचे बंदर बांधले गेले व त्याच्या तोंडाशी दोन दगडी बांध घातले गेले. या काठावरून दरवर्षी सुमारे दोन लाख घनमीटर वाळू पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते. बांधाने ती अडविली. बांधाच्या पश्चिमेची सीब्राइट पुळण रुंदावली, आणि पूर्वेस काही किलोमीटरवरील कॅपिटोलाची पुळण वाहून गेली. तेथे १९७० च्या सुमारास बाहेरून वाळू आणून टाकावी लागली व ती टिकविण्यासाठी आणखी एक बांध घालावा लागला. बंदराचे तोंड मात्र वाळूने भरतच राहिले. त्याचा उपसा दर हिवाळ्यात करावा लागतो. या साचलेल्या दांड्यावर एक उत्कृष्ट ब्रेक तयार झाला हा त्यातील विनोद. तेथे सर्फिंगला मनाई आहे, आणि मोठ्या स्वेलच्या दिवशी ती पाळली जात नाही. उपसागराच्या दक्षिण भागात मरीना येथे पुळणीवरून वाळू काढण्याचा उद्योग दीर्घकाळ चालला. तेथील किनाऱ्याची धूप राज्यात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे, आणि २०१७ च्या समझोत्यानुसार ते उत्खनन २०२० अखेर थांबले. रत्नागिरीजवळच्या मिऱ्या किनाऱ्यावरील धूपप्रतिबंधक बंधारा पाहिलेल्या वाचकाला या प्रश्नाची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही.

आजचा प्रश्न कड्यांचा आहे. नॅचरल ब्रिजेस येथील खडकाच्या तीन कमानींपैकी आज एकच उरली आहे. दुसरी १९८० मध्ये कोसळली. प्लेझर पॉइंट येथील कड्याला २०१० च्या सुमारास खडकासारखी दिसणारी काँक्रीटची भिंत घातली गेली. जानेवारी २०२३ च्या वादळांनी सांताक्रूझचा कड्यावरील रस्ता अनेक ठिकाणी फोडला आणि कॅपिटोलाचा लाकडी धक्का मधोमध तोडला. २३ डिसेंबर २०२४ रोजी सांताक्रूझच्या १९१४ सालच्या धक्क्याचे टोकही समुद्रात कोसळले. रस्ता आणि घरे वाचविण्यासाठी दगड टाका, भिंत बांधा ही मागणी स्वाभाविक आहे. परंतु कडा मागे सरतो तेव्हाच त्याच्या पायथ्याशी नवा उथळ मंच तयार होतो आणि पुळणीला वाळू मिळते. कडा बांधून स्थिर केला आणि पाणी वाढत राहिले, तर जुना मंच खोल जातो, नवा तयार होत नाही, आणि भिंतीवरून परतणारी लाट येणाऱ्या लाटेला मोडते. या मुद्द्यावर सर्फरांमध्येही एकवाक्यता नाही. कड्यावर ज्याचे घर आहे तो सर्फरही भिंत मागतो, आणि त्याला दोष देणे सोपे नाही.

सांताक्रूझचा सुमारे ११ किलोमीटरचा किनारा २०१२ मध्ये 'जागतिक सर्फिंग राखीव क्षेत्र' म्हणून घोषित झाला. या घोषणेला कायद्याचे बळ नाही. तिचे मूल्य नैतिक दबावापुरते आहे. उपसागर १९९२ पासून राष्ट्रीय सागरी अभयारण्याचा भाग आहे, पण अभयारण्य जीवसृष्टीचे रक्षण करते, लाटेचे नव्हे. कोणत्याही प्रकल्पाच्या परिणामांच्या अहवालात मासे, पक्षी, वाहतूक यांना रकाना असतो. लाटेला क्वचितच असतो.

या दृष्टीने डॅन राइनमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास उल्लेखनीय आहे. कॅलिफोर्नियातील कोणता ब्रेक भरतीच्या कोणत्या पातळीला चांगला चालतो हे त्यांनी थेट सर्फरांना विचारले आणि त्या उत्तरांवरून समुद्रपातळी एक मीटरने वाढल्यास काय होईल याचा अंदाज बांधला. सुमारे एक तृतीयांश ब्रेक कमीअधिक धोक्यात येतील, तर थोडेसे सुधारतील, असे त्यातून निघाले. पद्धत साधी आहे. भरतीची आजची पातळी ही भविष्यातील समुद्राची तालीम आहे, आणि ती तालीम वर्षानुवर्षे रोज पाहणारे लोक किनाऱ्यावर हजर आहेत. त्यांची स्मरणशक्ती चांगल्या दिवसांकडे झुकते, आणि ते हितसंबंधी आहेत, हे आक्षेप रास्त आहेत. पण अशी नोंद अन्य कोणी केलेलीही नाही.

काउल्सचेच उदाहरण घेऊ. मॉन्टेरे येथील भरतीमापकानुसार मोठ्या ओहोटीची सरासरी पातळी ही सरासरी समुद्रपातळीच्या सुमारे ०.८६ मीटर खाली असते. समुद्र तेवढा चढला, तर आज भरती अर्धी आली असता जेवढे पाणी असते तेवढे त्या वेळी पूर्ण ओहोटीला असेल. आज मोठ्या ओहोटीच्या अलीकडे-पलीकडे रोज काही तास मिळणारी ती संथ लाट, जिच्यावर गावातील बहुतेक मुले प्रथम उभी राहतात, तेव्हा वर्षातील सर्वांत खोल ओहोट्यांपुरती उरेल.